लोकरीचं पाणी

आमच्या लेकीने आम्हाला जंगलात पाठवलं ते आराम करायला नव्हे, भांडायला. तसं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "आई, लॉन्ड्री आम्ही दोघं बघतो. तुम्ही चार दिवस जाऊन या. जंगलात लाकडी घर आहे, बाहेर गरम पाण्याचा टब आहे, आजूबाजूला चिटपाखरू नाही. बाबांशी जरा शांतपणे बोल." शांतपणे काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. आमच्या ह्यांनी गाडी चालवणं सोडावं आणि जावयाने ती चालवावी, एवढंच तिला हवं होतं.

आमची लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, टेबलांवरची कापडं असा सगळा माल आमच्याकडे येतो. आत मशिनं माझी आणि बाहेर गाडी ह्यांची, ही वाटणी लग्नानंतर लगेच झाली आणि तिच्यावरून आमचं कधी वाजलं नाही. मी वाफेत उभी राहिले आणि हे गावभर फिरले. कुठल्या हॉटेलचा रखवालदार कुणावर रुसलाय, कुठल्या दवाखान्यात नवी आचारीण आलीय, हे सगळं ह्यांना माहीत. संध्याकाळी मळक्या कपड्यांच्या गठ्ठ्यांबरोबर ह्या बातम्याही घरी यायच्या. गाडी काढून घेतली तर ह्या माणसाकडे उरणार काय? घडी घालायच्या टेबलापाशी उभं राहणं, आणि तेही माझ्या हाताखाली. त्यात आमच्या दोघांचंही भलं नव्हतं.

झालं होतं ते एवढंच, की एका हॉटेलच्या मागच्या फाटकाला ह्यांनी गाडी ठोकली. फाटक वाकलं, गाडीचं नाक चेपलं, माणसाला काही झालं नाही. हे म्हणाले, ब्रेक लागला नाही. मेकॅनिक म्हणाला, ब्रेक नव्यासारखा आहे. लेकीने मेकॅनिकवर विश्वास ठेवला आणि मी नवऱ्यावर. ती म्हणाली डोळे तपासा, तर हे तपासून आले आणि डोळे ठणठणीत निघाले. तरी तिचं पालुपद सुटेना. जावई माणूस सोन्यासारखा आहे, पण चादरीची घडी घालतो तेव्हा एखादा नकाशा दुमडताना फसलाय असं वाटतं. त्याच्या हाती मी ह्यांची गाडी देणार नव्हते. तेव्हा माझा बेत ठरला होता. जायचं, टबात बसायचं, खायचं, झोपायचं आणि परत येऊन लेकीला सांगायचं, की बोलणं झालं, गाडी बाबाच चालवणार, विषय संपला.

जाताना अर्थातच हेच गाडी चालवत होते. मोठा रस्ता संपून जंगलातला कच्चा रस्ता लागला. वळण आलं की हे खाली, पायांकडे बघायचे आणि मग पुन्हा समोर. पहिल्या वळणाला मला काही वाटलं नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणाला मी विचारलं, "काय शोधताय खाली?"

"काही नाही. पायपुसणं सरकतंय."

मी वाकून पायपुसणं नीट केलं. पुढच्या वळणाला ह्यांनी पुन्हा खाली बघितलं. ह्यांच्या पायात कापडी, पातळ तळाचे बूट होते. नेहमीचे जाड बूट घरीच ठेवले होते. सुट्टीवर निघालेला माणूस हौसेने नवे बूट घालतो, असं मी मनात म्हटलं आणि खिडकीबाहेर झाडं बघत बसले.

घर खरंच एकटं होतं. एक खोली, एक पलंग, कोपऱ्यात चूल, भिंतीला लागून स्वयंपाकाचा ओटा. बाहेर फळ्यांचा ओसरीसारखा चौथरा आणि त्याच्यावर टब. टब कसला, लोखंडी पट्ट्या आवळलेलं भलंमोठं लाकडी पिंपच ते. बाजूला उंच धुराड्याची भट्टी जोडलेली. आत चढायला पायऱ्या आणि आत बसायला गोल बाक. मालकीणबाई जंगलाच्या तोंडाशी राहायच्या, त्या आमच्यासाठी थांबल्या होत्या. साठीच्या, ठेंगण्या आणि बोलण्यात सरळ.

"आधी पाणी, मग जाळ," त्या म्हणाल्या. "भरलेलं आहे, फक्त लाकडं घाला. मधूनमधून ह्या वल्ह्याने पाणी ढवळा, वर उकळतं आणि खाली गार राहतं. आणि हे बघितल्याशिवाय आत उतरू नका." त्यांनी पाण्यात तरंगणारं एक पिवळं प्लॅस्टिकचं बदक उचलून दाखवलं. त्याच्या पोटात थर्मामीटर होता. "ह्या लाल रेषेच्या वर गेलं तर थांबायचं. नळीने गार पाणी सोडायचं."

त्यांची जीप दिसेनाशी झाली तसं ह्यांनी बदक पाण्यातून काढलं आणि लाकडांच्या ढिगावर ठेवलं. "आता आपल्याला बदक शिकवणार," हे म्हणाले.

मी हसले. कोणीही लॉन्ड्रीवाला हसला असता. आमच्या घरात पाण्याला आकड्यांनी कधीच ओळखलं नाही. रेशमाचं पाणी म्हणजे जेमतेम कोमट. लोकरीचं म्हणजे ज्यात हात घालून खुशाल गप्पा मारत बसावं असं. सुतीचं म्हणजे हात घातला की लगेच बाहेर. आणि चादरींच्या पाण्याजवळ तर कुणी जायचंच नाही. आंघोळीचं पाणी, पोरीला लहानपणी न्हाऊ घालायचं पाणी, चहाआधी प्यायचं पाणी, सगळं ह्याच नावांनी. पोर शाळेत जायला लागली तेव्हा बाईंनी तिला विचारलं, ताप आला होता का गं, तर ही म्हणाली, हो, सुतीचा आला होता. अशा घराला बदक काय सांगणार?

भट्टी पेटवायचं काम ह्यांनी घेतलं. ढवळायचं काम मी घेतलं, कारण वल्हं मारून पाणी फिरवणं हे माझ्या हातांना आयुष्यभर ठाऊक आहे. मधल्या वेळात आम्ही ब्रेड आणि सूप खाल्लं. झाडांमधून ऊन तिरपं येत होतं. मला खूप बरं वाटत होतं, हे मी कबूल करते. बऱ्याच वर्षांत आम्ही दोघं एका जागी, काही न वाळवता आणि काही न दुमडता बसलो नव्हतो. मी ह्यांना सांगूनही टाकलं, "पोरीने मला तुमची समजूत घालायला पाठवलंय. मी काही घालणार नाही."

"मला माहीत आहे," हे म्हणाले. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं, पण ते भट्टीत लाकूड सरकवत राहिले.

दुपार कलली तशी पाण्यावरून वाफ निघू लागली. मी टॉवेल आणायला आत गेले. बाहेर ह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पायऱ्या चढले आणि काठावर बसून पाय आत सोडले. मी आतूनच ओरडून विचारलं, "कसं झालंय?"

"लोकरीचं," हे म्हणाले.

मग मी काही घाई केली नाही. टॉवेल काढले, केस बांधले, जुना गाऊन चढवला, ओट्यावरची भांडी तेवढी विसळून टाकली. माझी सवय, उष्टं भांडं मागे टाकून मला कुठे जाता येत नाही. त्या भांड्यांचा मला आजही राग येतो.

बाहेर आले तर हे तसेच बसलेले, झाडांकडे बघत. मी पायऱ्या चढले आणि उतरण्याआधी सवयीने हात पाण्यात घातला. तो घातला तसाच बाहेर आला. सुतीचं होतं. सुतीच्याही पुढे चाललं होतं.

"पाय काढा," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे मान वळवली. "का?"

मी ह्यांची पोटरी धरली आणि दोन्ही पाय काठाबाहेर ओढले. पाय उकडलेल्या बीटासारखे लाल झाले होते, घोट्याच्या वरपर्यंत, पायमोजे घातल्यासारखी सरळ कड दिसत होती. हे माझ्याकडे बघत होते, पायांकडे बघत नव्हते. चेहऱ्यावर वेदना नावालाही नव्हती. तिथे भीती होती, आणि ती पाण्याची नव्हती, माझी होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आत्ताच बसलो."

"कधीपासून कळत नाही, विचारतेय."

मी टब भरायची रबरी नळी ओढून घेतली, ह्यांना फळीवर बसवलं आणि पायांवर गार पाणी धरलं. भाजलेल्यावर गार पाणी, आणि पुष्कळ वेळ, एवढं मला कळतं, वाफेने माझे हात कमी वेळा भाजलेले नाहीत. पाणी धरून बसले असताना मला एकेक गोष्ट दिसायला लागली. वळणावर खाली बघणं. पातळ बूट, पायाखालचं जरा तरी कळावं म्हणून. वाकलेलं फाटक. ब्रेक बिघडलेला नव्हताच. पाय ब्रेकवर आहे की नाही, तेच ह्यांना समजलं नव्हतं.

"पायाखाली काय आहे ते बघून चालवत होतात," मी म्हणाले.

"बघितलं की चालवता येतं," हे म्हणाले.

"आणि फाटकापाशी?"

"तेव्हा बघायला वेळ मिळाला नाही."

मी नळी धरून रडले. ह्यांच्यासमोर रडायचं मला आवडत नाही, पण हात अडकलेले असले की तोंड लपवता येत नाही. ह्या माणसासाठी मी पोटच्या पोरीशी भांडत होते. मेकॅनिकला मूर्ख म्हणाले होते, जावयाला नाही नाही ते बोलले होते. आणि हा माणूस रोज सकाळी दवाखान्याच्या आवारात, रोगी आणि नातेवाइकांच्या गर्दीतून, पाय न कळता गाडी घालत होता.

"हात घालून बघितला असतात पाण्यात," मी म्हणाले. "हातांना तर कळतं ना?"

"हात घातला असता तर पाय गेले असं मीच म्हटल्यासारखं झालं असतं."

मी मालकीणबाईंना फोन केला. मला गाडी चालवता येत नाही, आणि ह्यांच्या हाती आता मी खेळण्यातली गाडीही दिली नसती. बाई आल्या, पाय बघितले, लाकडांवर ठेवलेलं बदक बघितलं आणि त्यावर एक अक्षरही बोलल्या नाहीत. मला त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी ह्यांना आधार देऊन जीपमध्ये बसवलं, मला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही मागे बसा, पाय मांडीवर घ्या," आणि जवळच्या गावातल्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर आमच्या लेकीच्या वयाची. तिने आधी पायांना मलम लावून सैल पट्ट्या बांधल्या. फोड येतील, फोडू नका, म्हणाली. बोटातून रक्त काढून साखर तपासली आणि आकडा बघून भुवया वर केल्या. मग नायलॉनचा एक जाडसर दोरा घेतला. "काका, डोळे मिटा. मी दोऱ्याने टोचलं की 'आता' म्हणायचं." पट्ट्यांमुळे पावलं सोडून तिने घोट्याच्या वरून सुरुवात केली.

हे म्हणाले, "आता." बरोबर होतं. पुन्हा म्हणाले, "आता." तेही बरोबर. मला थोडं हायसं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं, की डॉक्टर हात पुढे नेते तेव्हा तिच्या कोटाची कडक बाही खसखसते, आणि हे त्या आवाजावर बोलताहेत. त्या बाहीत खळ जास्त झाली होती. एरवी मी हसले असते.

"डॉक्टर," मी म्हणाले, "बाही वर करा."

ह्यांचे डोळे मिटलेलेच होते. माझा आवाज ऐकून त्यांनी ते आणखी घट्ट मिटले. डॉक्टरने बाही वर सरकवली आणि पुन्हा सुरुवात केली. पोटरीच्या मध्यापर्यंत ती वर आली तरी हे काही म्हणाले नाहीत. त्याच्या वर, गुडघ्याच्या खाली एका ठिकाणी म्हणाले, "आता." आणि डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. लबाडी पकडली गेलेल्या माणसाचं ते बघणं नव्हतं. ओझं खाली ठेवलेल्या हमालाचं होतं.

डॉक्टरने सगळं समजावलं. साखर बरीच वर्षं वाढलेली असणार, कुणी तपासली नाही, तिने पायांच्या नसा खाल्ल्या. गेलेलं परत येईलच असं नाही, पण उरलेलं सांभाळता येईल. औषधं, पथ्य, रोज रात्री पाय बघणं. "आणि काका, गाडी बंद."

"थोडी थोडी?" ह्यांनी विचारलं.

"बंद," डॉक्टर म्हणाली.

ह्यांनी खिशातून चावी काढली. मला वाटलं माझ्याकडे देतील, पण त्यांनी ती थोडा वेळ हातात धरली आणि म्हणाले, "फाटकापाशी एक बाई उभी होती. हॉटेलात फुलं द्यायला आली होती. ती फोनवर बोलत बाजूला सरकली आणि मग मी आदळलो." हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मग चावी माझ्या तळहातावर ठेवली.

मालकीणबाईंनी आम्हाला परत आणून सोडलं. जाताना त्यांनी स्वतःच भट्टीतले निखारे ओढून पाणी ओतलं. लेकीला फोन करायचं काम माझं होतं आणि ते मी उभ्यानेच केलं. म्हटलं, तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. हे वाक्य माझ्या तोंडून ती जन्मात पहिल्यांदाच ऐकत होती. तिने मला त्याबद्दल टोचलं नाही, ती रडली. सकाळी दोघं येतो, म्हणाली. जावई गाडी आणायला आणि ती बाबांना आणायला. मी म्हटलं, त्याला सांग, सावकाश चालव, आणि चादरींचं मी शिकवीन.

डॉक्टरच्या गोळीने ह्यांना पेंग येत होती. बाहेर अजून उजेड होता, पण आम्ही आडवे झालो. पट्ट्यांचे पाय मी उशीवर ठेवले. चौथऱ्याच्या ओल्या फळ्यांवर अनवाणी ये-जा करून माझे पाय गारठले होते, ते मी पांघरुणात आखडून घेतले.

"मला कळलं ते तुझ्यामुळे," हे छताकडे बघत म्हणाले.

"काय?"

"मागच्या हिवाळ्यात. तू अंथरुणात शिरलीस की तुझे गार पाय माझ्या पायांना लावतेस. मी दरवर्षी ओरडतो. एका रात्री तू झोपलीस तेव्हा बघितलं, तुझे पाय माझ्या पायांवर होते आणि मला काहीच कळलं नव्हतं."

मी आठवून बघितलं. मागच्या हिवाळ्यात हे ओरडले नव्हते. मी मनातल्या मनात सुखावले होते, की इतक्या वर्षांनी ह्या माणसाला माझी सवय झाली.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मला राग आला होता आणि तो आवाजात होता. "डॉक्टरकडे गेलो असतो. थोडे तरी वाचले असते. एक हिवाळा घालवलात."

"सांगितलं असतं तर तू पाय लावायचे बंद केले असतेस," हे म्हणाले. "मला कळत नसलं तरी तुला ऊब मिळत होती ना."

गाडीचं काय, दवाखान्याच्या आवारातल्या माणसांचं काय, हे सगळं मला त्यांना सुनावायचं होतं, आणि पुढे मी ते सुनावलंही, एकदा नव्हे पुष्कळदा. त्या वेळी मात्र मी उठून बसले आणि पांघरूण वर सारलं.

"कुठपासून नीट कळतं?" मी विचारलं.

ह्यांनी गुडघ्याच्या वर हात ठेवून दाखवला. मी उलटी वळले, डोकं पलंगाच्या दुसऱ्या टोकाला केलं, पट्ट्यांना धक्का लागू न देता माझे दोन्ही पाय वर नेले आणि त्यांच्या मांड्यांवर टेकवले.

हे दचकले. "अगं, बर्फ आहेत नुसते," म्हणाले. "काढ."

मी काढले नाहीत.